आधी जमीन, मग बियाणं

लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही नव्या वस्तीत गेलात, तर चार-दोन घरांनंतर एक प्लॉट रिकामा सापडतोच. कमरेएवढं गाजरगवत, कोपऱ्यात कुणीतरी रात्री आणून टाकलेला राडारोडा, आणि मधोमध मालकाचा फोन नंबर लिहिलेली पत्र्याची पाटी. समोरच्या घरातली बाई हातगाड्यावरची मेथी घासाघीस करून घेते. हातगाडा लोटणारी बाई मुखेड किंवा निलंगा तालुक्यातून पोटासाठी शहरात आलेली असते. तिला मेथी विकण्यापेक्षा पिकवणं अधिक चांगलं येतं. जमीन आहे, हात आहेत, खाणारी तोंडंही आहेत. पण या तिघांची गाठ पडत नाही.

शहरी शेतीची बहुतेक पुस्तकं कुंडी, माती आणि गांडूळखतापासून सुरू होतात. ती माहिती पुढच्या प्रकरणांत येईलच. हे प्रकरण त्याच्या आधीच्या प्रश्नाचं आहे: जी जमीन आपल्या नावावर नाही, ती पिकवायला मिळते कशी? या प्रश्नावर मराठवाड्यापाशी बराच जुना अनुभव आहे. तो घरातला आहे, गावातला आहे, आणि आता शहरात वापरण्याजोगा आहे. त्याचं सार असं की, जमीन मागणारा एकटा असला की याचक ठरतो; पुष्कळ जणांनी मिळून, कागद हातात घेऊन, ठरावीक वापरासाठी मागितली की तो व्यवहार होतो.

घरातच मागितलेला एकर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण शेकडो गावांत करायचं होतं. सरकारी योजना गावकऱ्यांना समजावून सांगणार कोण, आणि गावकऱ्यांची अडचण कचेरीपर्यंत नेणार कोण? त्यासाठी महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हे काम बांधलं. ज्या बायका चारचौघांत बोलायला बिचकत होत्या, त्या इंजिनिअरला सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारू लागल्या.

घरं उभी राहिली, पण गट मोडले नाहीत. ते बचतीकडे वळले, मग आरोग्याकडे, आणि दुष्काळामागून दुष्काळ पडू लागले तेव्हा शेतीकडे. शेतात राबायचं बाईने. पण काय पेरायचं, हे ठरवणार घरातला पुरुष. सगळं रान नगदी पिकाखाली, आणि भाजी-डाळ मात्र आठवडी बाजारातून. यावर गटांनी जी युक्ती काढली ती ‘एक एकर’ म्हणून ओळखली जाते. बाईने घरच्यांकडे अर्धा ते एक एकर मागायचा. नावावर करून मागायचा नाही. त्यात काय पेरायचं हे ठरवायचा हक्क तेवढा मागायचा. त्या तुकड्यात भाजीपाला, कडधान्यं, ज्वारीसारखं धान्य असं मिश्र पीक घ्यायचं, खत आणि फवारणी घरच्या घरी तयार करायची, आधी घरातल्या ताटात वाढायचं आणि उरलं तर विकायचं. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, नांदेड या पट्ट्यात हे काम पसरलं. २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला.

हे जमलं कशामुळे? मागणी लहान होती, त्यामुळे नकार देणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. मागणी गटाची होती, त्यामुळे एका घरचा नकार त्या घरापुरता राहत नव्हता. आणि मागणी वापराची होती, मालकीची नव्हती. त्यामुळे भाऊबंदकीचं भूत मधे येत नव्हतं.

मात्र उणीवही इथेच आहे. सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही. दिलेला एकर उद्या परत घेतला, तर दाद मागायला जागा नाही. कागदाची ही बाजू शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत हाती घेतली होती: नवऱ्याने आपण होऊन बायकोचं नाव जमिनीला लावायचं. १९९२ मध्ये सरकारनेही तसा निर्णय काढून सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावण्याची वाट मोकळी केली. वापर आज मिळवावा आणि कागदाचा पाठपुरावा सोडू नये, हा या दोन प्रयत्नांचा एकत्र धडा.

दंडाची पावती

गावातली गोष्ट अधिक कठीण आहे, कारण ती जातीची आहे. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. मराठवाड्यातल्या दलित भूमिहीनांनी या गायरानातली खडकाळ, मुरमाड जागा फोडून ती पिकाखाली आणली. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा १९४८ मध्ये मोकळा झाला. १९५३ मध्ये इथे गायरानांसाठी सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा लढा महाराष्ट्रभर नेला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशव्यापी झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली.

सरकारने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने जुनी अतिक्रमणं नियमित केली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची, म्हणजे डॉ. आंबेडकरांचं जन्मशताब्दी वर्ष सुरू होईपर्यंतची, शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. निर्णय झाला, पण कसणाऱ्याने पुरावा आणायचा कुठून? पिढ्यान्‌पिढ्या कसूनही हातात कागद नाही. पुरावा निघाला तो सरकारच्याच दप्तरात. तलाठ्याकडे ‘गाव नमुना एक-ई’ ही अतिक्रमणांची नोंदवही असते. तिथे कुणी, कुठल्या गटात, किती जमीन दाबली, याची नोंद होते आणि दंड बसतो. ज्यांनी तो दंड भरून पावत्या जपून ठेवल्या, त्यांच्या हाती ताब्याचा सर्वांत भक्कम पुरावा आला. ज्यांच्यावर पोलिसांत गुन्हे दाखल झाले, त्यांचे ते कागदही कामाला आले.

हे प्रत्येक भूमिहीनाला एकट्याने सुचणं शक्य नव्हतं. बीड जिल्ह्यातले एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं, आणि जमीन अधिकार आंदोलनाच्या रूपाने मराठवाड्यातल्या संस्था-संघटना एकत्र आल्या. गावोगावी कसणाऱ्यांची यादी करणं, नमुना एक-ईचे उतारे काढणं, तहसीलवर मोर्चा नेणं, पीक मोडायला जमाव आला तर शेजारच्या गावांनी धावून जाणं, असं चौफेर काम झालं. बायकांचे बचत गट याच जाळ्यात होते. म्हणून लढा केवळ ताब्यापाशी थांबला नाही. बियाणं, बैल आणि कर्ज यांचीही सोय होऊ लागली.

आज गायरानांवर दुहेरी ताण आहे. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने पट्टा दिला असेल, तर तो अपवाद त्याच निकालात आहे. दुसरीकडे सौर प्रकल्पांसाठी गायरानं दिली जात आहेत. ज्याच्याकडे कागद आहे तो बोलू शकतो. बाकीच्यांना फक्त नोटीस मिळते. शहरात जमीन मागणाऱ्याने अतिक्रमणाची वाट धरण्याची गरज नाही, पण गायरानवाल्यांची नोंदीची सवय मात्र जशीच्या तशी उचलावी.

शहरात जमीन असते कुठे?

नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. दोन्ही शहरं आजूबाजूच्या शेतांवर पसरत गेली. त्या पसरण्यातच जमिनीचे तुकडे सुटलेले आहेत.

पहिला प्रकार लेआऊटमधल्या मोकळ्या जागेचा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार, ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआऊट पाडताना दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी खुली ठेवावी लागते. एका हेक्टरच्या लेआऊटमध्ये ही जागा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते. ती बाग आणि मैदान म्हणून वापरायची असते. सगळी जागा वाफ्यांखाली घालणं नियमाला धरून होणार नाही आणि मुलांवर अन्यायही होईल. पण बागेचा एक भाग भाजीचा ठेवायला रहिवाशांची लेखी संमती आणि नगररचना विभागाशी पत्रव्यवहार, एवढी तयारी लागते.

दुसरा प्रकार महापालिकेच्या ताब्यातल्या, विकास आराखड्यात आरक्षित पण वर्षानुवर्षं पडून असलेल्या जागांचा. महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ अशा मालमत्तेच्या विक्री-भाडेपट्ट्याविषयी आहे. थोड्या मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांच्या अधिकारात येतो, लांब मुदतीसाठी सभागृहाची मंजुरी लागते. म्हणून पहिली मागणी थोड्या मुदतीची करावी.

तिसरा प्रकार शाळांचा. शालेय पोषण आहाराला जोडून परसबागेला सरकारचंच उत्तेजन आहे, त्यामुळे इथे दार अर्धं उघडंच असतं. मुख्याध्यापकांची खरी अडचण मे महिन्यात पाणी कोण घालणार, ही असते. शेजारच्या बचत गटाने ती जबाबदारी घेतली, तर सुट्टीतली भाजी गटाची, शाळेच्या दिवसांतली मुलांची, असा साधा करार होऊ शकतो.

चौथा प्रकार खासगी रिकाम्या प्लॉटांचा. आणि मराठवाड्यात याखेरीज देवस्थानं, वक्फ, मदतमाश, खिदमतमाश अशा जुन्या इनामांच्या जमिनी शहराच्या पोटात आलेल्या आहेत. त्यांचे वाद निजामकाळापर्यंत मागे जातात. सुरुवात करणाऱ्याने त्यांत पाय घालू नये.

कुठली जागा कुठल्या प्रकारात बसते, हे डोळ्यांनी कळत नाही. शहरात बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका पाहावी लागते. मंजूर लेआऊटचा नकाशा नगररचना विभागात असतो. सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. एका वॉर्डातल्या रिकाम्या जागांची यादी, गट क्रमांक, क्षेत्र, मालक, पाण्याची सोय आणि उन्हाची दिशा, एवढं एका वहीत आलं की निम्मी लढाई झाली.

मालकाची भीती

प्लॉटमालक नाही म्हणतो, तेव्हा तो दुष्ट असतो असं नाही. त्याच्या मनात कुळाची भीती असते. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे, आणि कसणाऱ्याचा हक्क लागल्याच्या कथा घराघरांत ऐकलेल्या असतात. म्हणूनच बटईचे, ठोक्याचे व्यवहार आजही बहुधा तोंडीच होतात. बिनशेती झालेल्या प्लॉटला ही भीती तेवढी लागू नसली, तरी ‘एकदा आत शिरले की निघणार नाहीत’ ही शंका राहतेच.

तिच्यावर उपाय म्हणजे अटी लेखी असणं. अकरा महिन्यांची परवानगी. पक्कं बांधकाम नाही, राहणं नाही. जागेचा राडारोडा आणि गवत काढण्याचा खर्च गटाचा. मालकाला जागा हवी असेल तर उभं पीक निघेपर्यंतची मुदत. आणि करार एका व्यक्तीशी न होता नोंदणीकृत गटाशी. हा कागद वकिलाकडून करून घ्यावा. मालकालाही यात लाभ आहे. राखलेल्या प्लॉटवर कुणी कचरा टाकत नाही, साप निघत नाहीत, आणि महापालिकेची अस्वच्छतेची नोटीस येत नाही.

मोट कुणाची बांधायची

शहरी शेतीचे गट बहुतेकदा एकाच थरातल्या माणसांचे होतात: घर स्वतःचं, वेळ हाताशी, हौस भरपूर. असा गट आपली गच्ची हिरवी करतो. जमीन मिळवू शकत नाही. जमिनीसाठी वेगवेगळी ताकद असलेली माणसं लागतात. शेती हाताला असलेली, पण शहरात भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबं. बचत गटातल्या बाया, कारण हिशेब आणि हप्ता यांची त्यांना सवय असते. एखादे निवृत्त तलाठी किंवा मंडळ अधिकारी, कारण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना ठाऊक असतं. शाळेतल्या बाई, वॉर्डाचे नगरसेवक, आणि ओला कचरा गोळा करणारी माणसं, ज्यांच्याकडे खताचा कच्चा माल आहे. लातूरमध्ये ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ने नागरिकांना रोजच्या रोज झाडं लावायला आणि जगवायला वर्षानुवर्षं एकत्र ठेवलं आहे, असा तयार समूह असेल तिथे नव्याने सुरुवात करायची गरज नाही.

मात्र या मोटेत सगळ्यांना एकच गोष्ट हवी नसते. प्लॉटधारकाला स्वच्छता हवी, शाळेला परसबाग, नगरसेवकाला उद्घाटन, आणि मजूर कुटुंबाला चार पैसे. हे झाकून ठेवलं की पहिल्या तोडणीलाच भांडण होतं. म्हणून पीक यायच्या आधी वाटणी ठरवावी: कुणाचे वाफे किती, श्रमाचा वाटा किती, विक्रीचा पैसा कुणाकडे, न आलेल्याचं काय.

दोन ठिकाणचे नियम इथे उपयोगी पडतील. केरळच्या कुटुंबश्रीमध्ये चार ते दहा बायकांचा संयुक्त जबाबदारी गट पडीक जमीन भाड्याने घेतो आणि गट म्हणून बँकेकडून कर्ज मिळवतो. गट लहान, म्हणून कुणी लपत नाही. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून अर्ज केला, तर स्थानिक संस्थेला भाजीच्या वाफ्यांच्या मागणीचा विचार करावाच लागतो. तिथला रूढ तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण सहाऐवजी साठ सह्यांचा अर्ज आवक क्रमांकासह महापालिकेत दाखल करायला कायदा लागत नाही.

पाण्याचा हिशेब

लातूरकरांना पाण्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. मार्च २०१६ मध्ये टाक्या आणि विहिरींभोवती जमावबंदी लागली होती, आणि मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पाच लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. अशा शहरात पिण्याच्या पाण्यावर भाजी काढू म्हणणारा गट टिकणार नाही, आणि टिकूही नये.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, आणि गुंठ्यातला निम्मा भाग, म्हणजे पन्नास चौरस मीटर वाफ्यांखाली असला, तर रोज चारशे लिटर लागतील. पाच माणसांच्या घरातून आंघोळ आणि धुण्याचं दीडशे लिटर पाणी निघालं, तर एका गुंठ्याला तीन घरं लागतात. हे पाणी केळी-अळूच्या खड्ड्यातून, वाळू-खडीतून मुरवून घ्यावं, आणि पालेभाजीऐवजी शेवगा, भोपळा, दोडका यांना द्यावं. नाल्याचं पाणी मेथी-पालकाला घालणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटात घाण घालणं; मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेच्या भाजीबद्दल लोकांचा राग याच कारणाने आहे.

छताचं गणित वेगळं. शंभर चौरस मीटर छतावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाऊण लाख लिटर पाणी होतं. ते साठवायला टाकी पुरत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की पाच हजार लिटरची टाकी वाफे वाचवते. तेव्हा मराठवाड्यात शहरी शेतीचं वर्ष मृगापासून महाशिवरात्रीपर्यंत धरावं. पावसाळ्यात अंबाडी, चुका, तांदुळजा, गवार. थंडीत मेथी, शेपू, करडईची कोवळी भाजी, मुळा. उन्हाळ्यात वाफे झाकून जमिनीला विश्रांती द्यावी. बाराही महिने भाजीचं आश्वासन देणाऱ्या गटाचा हिशेब तपासून पाहावा. आणि खर्चाच्या यादीत सर्वांत वर कुंपण लिहावं: मोकाट गुरं, शेळ्या आणि डुकरं रिकामा प्लॉट आपलाच समजतात.

बाग बहरल्यावरचा धोका

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी कचऱ्याने भरलेला एक प्लॉट साफ करून बाग केली. अशा शेकडो बागा झाल्या. शहराने १९७८ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमही सुरू केला. बागांमुळे वस्त्या राहण्याजोग्या झाल्या, जमिनीचे भाव चढले, आणि १९९९ मध्ये त्याच शहराने शंभरावर बागांचे प्लॉट लिलावात काढले. शेवटी दोन संस्थांनी पैसा उभा करून त्या बागा विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. ज्यांनी घाण उपसली, त्यांच्याच हातून जागा जायची वेळ आली होती, कारण त्यांच्याकडे वापर होता आणि हक्क नव्हता.

लातूर-नांदेडमध्ये हे जास्त लवकर घडेल. इथे प्लॉट ही ठेव आहे. भाव येताच ती मोडली जाते. खासगी प्लॉट म्हणूनच शिकण्यापुरते धरावेत. गटाची मुख्य मागणी सार्वजनिक जागेवर असावी: प्रत्येक वॉर्डात भाजीसाठी ठरावीक जागा, भूमिहीन आणि भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना तिच्यात पहिला हक्क, आणि मुदत निदान पाच वर्षांची. गायरानाचा सगळा इतिहास सांगतो की ज्याला जमिनीची खरी गरज आहे, तो मोटेत शेवटी आला तर त्याच्या वाट्याला फक्त मजुरी येते.

म्हणून पहिली बैठक मृगाच्या निदान तीन महिने आधी घ्यावी आणि तिच्यात बियाण्याची यादी काढू नये. एका जागेचा उतारा, साठ सह्यांचा अर्ज आणि वाटणीचा लेखी नियम, एवढ्या तीन कागदांवर एकमत करावं. हातगाडा लोटणाऱ्या बाईंची सही त्या अर्जावर नसेल, तर बैठक पुन्हा घ्यावी.